गुंगीचं इंजेक्शन आणि घरी न परतलेलं मांजर

दातांवरचा थर काढायचा होता, पायाचा एक्स-रे घ्यायचा होता, किंवा नुसत्या केसांच्या गाठी कापायच्या होत्या. मांजर अंगाला हात लावू देईना म्हणून डॉक्टर म्हणाले, थोडी गुंगी देऊ. काम अर्ध्या तासाचं, संध्याकाळी घरी न्या. आणि दुपारीच फोन येतो, मांजर गेलं.

यानंतर घरात बहुधा दोनच तर्क लढवले जातात. एक, डॉक्टरांनी औषध जास्त दिलं. दोन, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. पहिल्यात राग आहे, दुसऱ्यात सांत्वन आहे. माहिती दोन्हींत नाही. काय घडलं असेल याचा अंदाज घ्यायला थोडं शरीरशास्त्र, थोडी औषधांची ओळख आणि एका मोठ्या पाहणीचे आकडे पुरेसे आहेत. हे कळल्यावर राग निवळेलच असं नाही. कधीकधी तो वाढेल, आणि तो वाढणं रास्तही असेल.

## गुंगी आणि पूर्ण भूल

गुंगीत, म्हणजे सेडेशनमध्ये, प्राणी पेंगतो, शांत पडतो, पण डिवचलं तर हलतो. पूर्ण भुलीत शुद्ध हरपते, वेदना कळत नाही, अंग सैल पडतं. कागदावर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीरात मात्र त्यांच्यामध्ये भिंत नसते. बरीचशी औषधं दोन्हीकडे तीच असतात, फरक मात्रेचा आणि मिश्रणाचा. शिवाय एकाच मात्रेनं एक मांजर नुसतं पेंगतं, तर दुसरं थेट भुलीपर्यंत जातं. वय, वजन, भीती, आजार, शरीराचं तापमान या सगळ्यांवर ते ठरतं.

पूर्ण भूल द्यायची तेव्हा सगळेच सावध असतात. शिरेत सुई बसवलेली असते, श्वासनलिकेत नळी असते, ऑक्सिजन चालू असतो, यंत्रावर नाडी दिसत असते आणि कुणीतरी समोर उभं असतं. गुंगी द्यायची तेव्हा बऱ्याच ठिकाणी मांडीच्या स्नायूत एक इंजेक्शन देतात आणि मांजराला पिंजऱ्यात ठेवून दहा-पंधरा मिनिटं वाट पाहतात. नळी नाही, ऑक्सिजन नाही, शिरेत सुई नाही. औषध हलकं समजलं जातं, म्हणून पहाराही हलका होतो. माझ्या मते या विषयाची मेख इथे आहे. श्वास मंदावला, मान वाकडी होऊन श्वासमार्ग दबला, उलटी घशात अडकली, तर गुंगीतल्या मांजराला ते सावरता येत नाही, आणि बघणाराही त्या क्षणी शेजारी नसू शकतो.

## इंजेक्शन नेमकं करतं काय?

मांजरांसाठी वापरली जाणारी औषधं बहुतेक वेळा मिश्रणातून दिली जातात. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, पण डॉक्टरांच्या कागदावर ती दिसतील म्हणून त्यांचा स्वभाव ठाऊक असलेला बरा.

मेडेटोमिडीन, डेक्समेडेटोमिडीन आणि त्यांच्याच जातीचं जुनं झायलाझीन ही छान गुंगी आणतात, वेदनाही कमी करतात. मात्र त्यांनी रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब आधी चढतो आणि हृदयाचे ठोके बरेच मंदावतात. हिरड्या फिकट दिसतात. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारं रक्त कमी होतं. धडधाकट मांजर हे सहन करतं. या गटाची मोठी सोय म्हणजे त्यावर उतारा आहे: अटिपामेझोल नावाचं औषध दिलं की काही मिनिटांत मांजर डोळे उघडतं. ओपिऑइड गटातल्या वेदनाशामकांनाही उतारा असतो.

केटामाइनची तऱ्हा वेगळी. त्यात ठोके वाढतात, डोळे उघडेच राहतात आणि मांजर जागं असल्यासारखं दिसतं, पण त्याचा आजूबाजूशी संबंध तुटलेला असतो. केटामाइनला उतारा नाही. ते शरीरातून निघून जाईपर्यंत थांबावं लागतं, आणि मांजरात ते बाहेर टाकण्यात मूत्रपिंडांचा वाटा मोठा असतो. ॲसेप्रोमाझीनलाही उतारा नाही. त्यानं रक्तदाब घसरतो आणि परिणाम कित्येक तास टिकतो.

यांतलं एकही औषध ‘वाईट’ नाही. प्रत्येकाचा उपयोग आहे, प्रत्येकाची किंमत आहे, आणि ती किंमत मोजायला समोरच्या मांजराची किती ऐपत आहे हे आधी ठाऊक असावं लागतं. अडचण तिथेच येते.

## मांजर आजार लपवतं, हृदयाचा तर फारच

मांजरांत सर्वांत जास्त आढळणारा हृदयविकार म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होत जाणं. वैद्यकीय नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी; इथून पुढे एचसीएम म्हणू. खोलीच्या भिंतींना आतून प्लॅस्टरचे थरावर थर देत गेलं तर घर बाहेरून तेवढंच दिसतं, पण आत वावरायला जागा उरत नाही. एचसीएममध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याचं असंच होतं. सोनोग्राफीत या कप्प्याची भिंत सहा मिलिमीटरच्या आत असावी लागते. एचसीएममध्ये ती सहा किंवा त्याहून जास्त भरते. आतली पोकळी आक्रसते, स्नायू ताठर होतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात हृदय नीट भरत नाही.

हा आजार दुर्मीळ नाही. वरवर निरोगी दिसणाऱ्या मांजरांची सोनोग्राफी करून पाहिली तेव्हा साधारण पंधरा टक्क्यांमध्ये, म्हणजे सातांतल्या एकात, तो सापडला. यातल्या बऱ्याच मांजरांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. ती खातात, कपाटावर उड्या मारतात, पडद्याला लटकतात. कुत्रा दमला की चालताना दिसतो, माणूस जिना चढताना धापा टाकतो. मांजर मुळात दिवसाचा मोठा भाग झोपून काढतं, त्यामुळे ते कमी हिंडतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

अशा हृदयाला दोन गोष्टी मानवत नाहीत. ठोके फार वाढले तर भरायला वेळच मिळत नाही. आणि शिरेतून सलाइन भराभर गेलं तर ते पुढे सरकत नाही, फुप्फुसांत साचतं. आता मांजराचा दवाखान्यातला दिवस डोळ्यांसमोर आणा. पिशवीत कोंबलेलं, गाडीत ओरडून थकलेलं, शेजारी कुत्रा भुंकतोय, अनोळखी हातांनी टेबलावर दाबून धरलेलं. ॲड्रेनालिन उसळलेलं असतं, ठोके दोनशेच्या वर गेलेले असतात. या अवस्थेत वरून गुंगीचं औषध जातं. एकीकडे भीती हृदयाला पळवतेय, दुसरीकडे औषध रक्ताभिसरण बदलतंय. हृदय धड असेल तर मांजर यातून निभावून नेतं.

यातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी: जे मांजर सर्वांत जास्त चावतं, ओरबाडतं, त्यालाच गुंगी लागते, आणि त्याचीच छाती आधी धड तपासता येत नाही. गुरगुरणाऱ्या मांजराच्या छातीला स्टेथोस्कोप लावून काय ऐकू येणार? म्हणजे ज्याच्याबद्दल सर्वांत कमी माहिती आहे त्यालाच औषध दिलं जातं, तेही जरा चढ्या मात्रेत.

## ‘रक्ततपासणी तर नॉर्मल आली होती’

आली असेल. नेहमीच्या रक्ततपासणीत मूत्रपिंडं, यकृत, साखर, रक्तातल्या पेशी यांचा अंदाज येतो. म्हाताऱ्या मांजरांत ही तपासणी फार मोलाची, कारण मूत्रपिंडांचा आजार आणि थायरॉइडचं वाढलेलं काम या वयात वारंवार आढळतं आणि दोन्हींमुळे भुलीचा धोका वाढतो. पण हृदयाची भिंत जाड झाली आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

स्टेथोस्कोपही पुरेसा नाही. हृदयातून येणाऱ्या जादा आवाजाला मर्मर म्हणतात. पुष्कळ निरोगी मांजरांत भीतीमुळे मर्मर ऐकू येतो, आणि एचसीएम असलेल्या पुष्कळ मांजरांत तो येतच नाही. एनटी-प्रोबीएनपी नावाची एक वेगळी रक्ततपासणी हृदयावरचा ताण सुचवते. खात्री मात्र होते ती इकोनं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनं. प्रत्येक मांजराचा इको काढा असं कुणी म्हणत नाही. मेन कून आणि रॅगडॉल या जातींत एचसीएमशी जोडलेले जनुकीय दोष सापडलेले आहेत, त्यामुळे तिथे विचार जरूर करावा. साध्या मिश्र जातीच्या मांजरांनाही हा आजार होतो, हे मात्र विसरू नये.

## आकडे किती भीतिदायक आहेत?

या प्रश्नावरची बहुचर्चित पाहणी ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झाली. ११७ दवाखाने आणि ७९,००० हून जास्त मांजरं तिच्यात होती. गुंगी किंवा भूल दिल्यावर, काम संपल्यापासून ४८ तासांपर्यंत, त्या कारणानं किती प्राणी दगावले हे मोजलं गेलं. मांजरांचं प्रमाण निघालं ०.२४ टक्के, म्हणजे साधारण ४२० मांजरांत एक. कुत्र्यांत ते ६०० मध्ये एक होतं, सशांत तर ७२ मध्ये एक.

सरासरीपेक्षा तिच्या आतला फरक जास्त बोलका आहे. निरोगी मांजरांत सुमारे ९०० मध्ये एक मृत्यू, आजारी मांजरांत ७१ मध्ये एक. वय वाढेल तसा धोका वाढला. दोन किलोच्या आतली आणि सहा किलोच्या वरची मांजरं जास्त दगावली. ऐन वेळी, घाईनं कराव्या लागलेल्या कामांत प्रमाण जास्त दिसलं.

आणखी दोन निष्कर्ष चक्रावणारे होते. श्वासनलिकेत नळी घातलेल्या आणि सलाइन दिलेल्या मांजरांत मृत्यूचा संबंध जास्त आढळला, आजारपणाचा हिशोब वेगळा काढूनसुद्धा. याचा अर्थ नळी आणि सलाइन वाईट, असा काढायचा नाही; दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असं ठरत नाही. तरी अंदाज बांधता येतो. मांजराचं स्वरयंत्र इवलंसं आणि कमालीचं हळवं असतं. नळीचा धक्का लागला की ते आवळून बंद होऊ शकतं किंवा नंतर सुजतं. आणि चार किलोच्या देहात, त्यातून लपलेला हृदयविकार असेल तर, थोडं जास्त सलाइनही भारी पडतं. उलट बाजूनं, ज्या मांजरांची नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन सतत पाहिला गेला, त्यांच्यात मृत्यू कमी झाले. ऑक्सिजन पाहणारं पल्स ऑक्सिमीटर म्हणजे जिभेला किंवा कानाला लावायचा एक चिमटा. तो आता फार कुणाला अपरिचित राहिलेला नाही.

माणसांत भुलीमुळे होणारे मृत्यू दहा हजारांत एकाहूनही कमी असतात. मग मांजरांतच का, असं कुणी विचारेल. माणसाच्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ वेगळा असतो आणि त्याला दुसरं काम नसतं. लहान दवाखान्यात इंजेक्शन देणारा, दात साफ करणारा आणि श्वासावर लक्ष ठेवणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो.

## ‘पण ते शुद्धीवर आलं होतं म्हणाले!’

हे ऐकून सर्वांत जास्त संशय येतो, आणि नेमकं हेच सर्वांत नेहमीचं आहे. त्याच ब्रिटिश पाहणीत मांजरांचे साठ टक्क्यांच्या आसपास मृत्यू काम आटोपल्यानंतर झाले, आणि त्यातले बहुतेक पहिल्या तीन तासांत. काम चालू असताना नव्हे, संपल्यावर. यातल्या अनेकांचं कारण नक्की सांगता आलं नाही, कारण शेवटच्या मिनिटांत त्यांच्याकडे बारकाईनं कुणी पाहत नव्हतं.

असं का होतं? काम संपलं की नळी निघते, ऑक्सिजन थांबतो, चिमटा काढला जातो, मांजर पिंजऱ्यात जातं आणि माणसं पुढच्या रुग्णाकडे वळतात. औषध मात्र अजून अंगात असतं. मांजराचं शरीर लहान, त्यामुळे ते चटकन थंड पडतं. ३८–३९ अंशांवरून तापमान घसरलं की औषधाचा निचराही मंदावतो आणि गुंगी लांबते. डोकं उचलणं म्हणजे पूर्ण सावध होणं नव्हे. एखादं मांजर डोळे उघडून बघतं आणि पुन्हा गाढ जातं, मान छातीवर दुमडून. श्वासाची वाट तेवढ्यानंही दबते.

घरी आणल्यावर काय पाहायचं, तेही यातूनच निघतं. मांजर स्वतःच्या पायावर नीट उभं राहत नसेल, तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, अंग गार लागत असेल, मागचे पाय एकाएकी ओढत असेल, तर सकाळची वाट न पाहता परत न्यावं. मागचे पाय लुळे पडून मांजर वेदनेनं किंचाळत असेल तर हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी पायांच्या रक्तवाहिनीत अडकलेली असू शकते. एचसीएमचं हेच पहिलं लक्षण ठरलेली मांजरं आहेत.

## ‘ओव्हरडोसच असणार’

शक्य आहे. चार किलोच्या मांजराची मात्रा मिलिलिटरच्या अंशांत मोजतात. वजन काट्यावर न घेता नजरेनं धरलं, किंवा दशांश चिन्ह घसरलं, की मात्रा दुप्पट किंवा दहापट होऊ शकते. पण बरोबर मोजलेल्या मात्रेनंही जाड झालेलं हृदय थांबू शकतं. औषधाची तीव्र ॲलर्जी हेही एक कारण असतं, मात्र क्वचित.

इथे एक गोष्ट पचायला जड आहे. मांजर दगावलं म्हणून हयगय झालीच, असं ठरत नाही. आणि मांजर वाचलं म्हणून सगळं नीट केलं होतं, असंही ठरत नाही. निष्काळजीपणे गुंगी दिलेली बहुसंख्य मांजरं संध्याकाळी घरी येऊन जेवतात. म्हणून निकाल पाहून न्याय करण्यापेक्षा काय काय केलं गेलं, ते तपासावं. त्यासाठी लेखी नोंद मागा. त्या दिवशी वजन घेतलं होतं का? छाती तपासली का, जमलं नसेल तर तसं लिहिलंय का? कोणती औषधं, किती, किती वाजता? नाडी, श्वास, ऑक्सिजन, तापमान यांच्या नोंदी किती मिनिटांनी आहेत? शेवटची नोंद आणि मांजर निपचित सापडल्याची वेळ यांत किती अंतर आहे? उतारा दिला का? श्वास थांबल्यावर काय केलं? या प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा डॉक्टर आणि ती टाळणारा डॉक्टर यांच्यातला फरक बोलण्यातच जाणवतो. तरीही बोलण्यावर विसंबू नये, कागद मागावा.

हृदय थांबल्यावर करायच्या उपायांबद्दल आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आहे: मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबणं, दहा वेळा श्वास देणं आणि दिलेल्या औषधाचा उतारा. एरवी हृदय बंद पडलेली फार थोडी मांजरं वाचतात. भुलीत असताना बंद पडलं तर वाचण्याची शक्यता कितीतरी बरी असते, कारण ते त्याच क्षणी लक्षात येतं आणि सुई-नळी तयार असते. अर्थात, कुणी पाहत असेल तर.

## ‘मी संमतीपत्रावर सही केली, म्हणजे संपलं?’

सही म्हणजे धोका असल्याचं तुम्हाला सांगितलं होतं, याची कबुली. हयगय चालेल, असं तिच्यात कुणी लिहून देत नाही. धोका सांगितलाच नव्हता, नुसता कागद पुढे सरकवला होता, तर त्या सहीला फारसा अर्थ उरत नाही. तक्रार कुठे आणि कशी करायची, हे देशागणिक बदलतं. बहुतेक ठिकाणी पशुवैद्यकांची नोंदणी करणारी परिषद हे पहिलं दार असतं.

## शवविच्छेदन करावं का?

हा निर्णय नेमका तेव्हा घ्यावा लागतो, जेव्हा काही सुचत नसतं. म्हणून आधी वाचून ठेवलेलं बरं. शवविच्छेदन करायचं असेल तर देह थंड ठेवायचा, पण बर्फासारखा गोठवायचा नाही. गोठल्यावर पेशींत स्फटिक होतात, त्या फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही समजत नाही. जितकं लवकर होईल तितकं चांगलं. संशय असेल तर त्याच दवाखान्यात न करता पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा स्वतंत्र प्रयोगशाळा गाठावी.

त्यातून काय कळतं? एचसीएम असेल तर बहुधा कळतं: मांजराचं हृदय साधारण २० ग्रॅमच्या आत असावं, आजारात ते त्याहून जड भरतं. फुप्फुसांत पाणी, श्वासमार्गात अडकलेली उलटी, पोटातला रक्तस्राव हेही दिसतं. काय कळत नाही? हृदयाची लय बिघडून ते थांबलं तर मागे खूण राहत नाही. श्वास मंदावत मंदावत थांबला, तरी नाही. औषधाची मात्रा रक्तात मोजणं सोपं नसतं आणि मोजली तरी तिचा अर्थ लावणं कठीण. अहवालात ‘निश्चित कारण आढळलं नाही’ असं आलं तर ते लपवाछपवीचं लक्षण मानू नये.

## ‘मग गुंगी दिलीच नसती तर?’

हा प्रश्न रात्री छळतो. सडलेल्या दातांनी मांजर खाणं सोडतं. लघवी तुंबलेला बोका उपचाराविना दोन-तीन दिवसांत मरतो. आणि शुद्धीवर असलेल्या मांजराला चौघांनी दाबून धरणं हा सुरक्षित पर्याय नाहीच. त्या झटापटीत हृदय बंद पडल्याचे प्रसंग डॉक्टरांना ठाऊक असतात. बहुतेक वेळा गुंगीचा निर्णय त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवर योग्यच असतो. आज जे ठाऊक आहे ते तेव्हा ठाऊक नव्हतं, हे मनाला पटवणं अवघड, कारण घटना घडून गेल्यावर ती आधीच दिसायला हवी होती असं वाटायला लागतं. केस कापण्यासारख्या टाळता येणाऱ्या कामासाठी गुंगी दिली असेल तर रुखरुख जास्त लागते. ती लागणार.

त्यात भर म्हणजे या दुःखाला बाहेर जागा नसते. समाज ज्याला मान्यता देत नाही अशा दुःखाला एक स्वतंत्र नाव अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात दिलं, आणि पाळीव प्राण्याचा मृत्यू त्याचं ठळक उदाहरण मानला जातो. सुट्टी मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही, ‘दुसरं आण’ एवढंच ऐकू येतं. घरात लहान मूल असेल तर ‘डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं आणि ती झोपूनच राहिली’ असं मात्र सांगू नये. पुढे त्या मुलाला स्वतः झोपायची किंवा दवाखान्यात भूल घ्यायची वेळ येते. ‘ती मेली, तिचं हृदय थांबलं, ती परत येणार नाही’ हे शब्द कठोर वाटतात, पण मुलांना ते समजतात.

## घरात दुसरं मांजर असेल तर

त्यालाही कधी ना कधी गुंगी लागेल, आणि तेव्हा हात थरथरतील. भेटीच्या पहिल्याच वाक्यात आधीच्या मांजराबद्दल सांगावं. दोघं भावंडं असतील आणि पहिल्याचं हृदय जाड निघालं असेल, तर दुसऱ्याचा इको काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. नातं नसेल तरी डॉक्टरांना विचारावं: शिरेत सुई बसवणार का, ऑक्सिजन देणार का, उतारा असलेली औषधं वापरता येतील का, आणि काम संपल्यावरचे तीन तास त्याच्याजवळ कोण असेल? शेवटच्या प्रश्नाला एखाद्या माणसाचं नाव मिळायला हवं, ‘आम्ही असतोच की’ हे उत्तर पुरेसं नाही.

भीती कमी करण्याचे उपाय घरापासून सुरू होतात. गाबापेंटिन हे औषध घरूनच, निघण्याच्या दोनेक तास आधी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत दिलं तर मांजर निवांत पोचतं, छाती तपासू देतं, आणि पुढच्या इंजेक्शनची मात्राही कमी लागते. माणसांसाठीची द्रवरूप औषधं परस्पर देऊ नयेत. त्यांत कधीकधी झायलिटॉल हा गोड पदार्थ मिसळलेला असतो; तो कुत्र्यांना विषारी ठरतो, मांजरांनाही टाळलेलाच बरा. किती तास उपाशी ठेवायचं, हे वयानुसार विचारून घ्यावं, कारण लहान पिल्लांना जास्त वेळ उपाशी ठेवलं तर त्यांची साखर घसरते.

आणि एक तपासणी पैसे न घालवता होते. मांजर गाढ झोपलेलं असताना छाती मिनिटभरात किती वेळा वर-खाली होते ते मोजायचं. तीसच्या आत असेल तर ठीक. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आकडा तीसच्या वर येत राहिला, तर गुंगीची तारीख पुढे ढकलून आधी हृदय तपासून घ्यायचं.